डोंगा काठाला न घासता: तलावावरच्या कामाच्या नोंदी

१२ मे

तलाव पार तळाला गेलाय. भिंतीजवळच्या खोलगटात तेवढं पाणी, बाकी सगळी भेगाळलेली काळी माती. बगळे मधोमध उभे आहेत आणि त्यांच्या मांडीलाही पाणी लागत नाही. आपल्या कामाला यापेक्षा चांगली वेळ नाही. ऑक्टोबरात जिथे पुरुषभर पाणी असतं, तिथे आज चपला घालून चालत जाता येतं, टेप धरून माप घेता येतं, कोणता दगड कुठे टोक काढून बसलाय ते बघता येतं.

काम काय, ते एकदा लिहून ठेवतो. नागपूरजवळच्या हिंगण्यापलीकडच्या या सिंचन तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थेकडे लाकडी डोंगे आहेत आणि एक बारा फुटी फायबरचा. फायबरचा डोंगा दर उन्हाळ्यात माझ्या वर्कशॉपला डागडुजीला येतो. एरवी मी फायबरच्या टाक्या बनवतो, पण हे काम मी कधी टाळत नाही. घाव दरवर्षी त्याच जागी असतो: बुडाची उजवी कूस, तोंडापासून दोन-अडीच हात मागे. डोंगा बाभळीला बांधला की हीच बाजू दगडांकडे होते.

भर पाण्यात डोंग्याला काही होत नाही. जे होतं ते काठाच्या शेवटच्या दोन हातांत होतं, आणि तेही डोंगा रिकामा उभा असताना. हे दोन हात सोडवायचे, एवढंच काम.

१३ मे

डोंगा वर्कशॉपला आणून उलटा केला. घाव नीट पाहिला.

फायबरच्या अंगावर सगळ्यात वर जेलकोट असतो, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. तोच पाणी अडवतो आणि चमकही त्याचीच. त्याच्या आत काचेच्या धाग्यांची चटई आणि तिला घट्ट धरणारं रेझिन. ओरखड्यावरून नख फिरवायचं. नख सरकून गेलं तर घाव वरवरचा आहे, पॉलिशनं जातो. नख अडकलं तर जेलकोट कापला गेलाय. आणि चिरेत पांढरे बारीक धागे उसवल्यासारखे दिसले, तर पाणी चटईपर्यंत पोचलंय असं धरायचं. इथे वीतभर लांबीत धागे दिसतात. बाजूला बोटानं टिचकी मारली तर आवाज टणक येतो, म्हणजे थर अजून सुटलेले नाहीत. नशीब.

एक रात्र दगडाला घासून इतकं होतं का, असं लोक विचारतात. हिशोब सोपा आहे. वाऱ्याची लहान लाट दर दोनेक सेकंदांनी येते. एका तासात अठराशे, आठ तासांच्या रात्रीत चौदा हजारांच्या वर. दर वेळी डोंगा बोटभर उचलला जातो आणि त्याच दगडाच्या त्याच कोपऱ्यावर पुन्हा टेकतो. पश्चिम नागपूरचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट, फुटला की धार काढतो. नदीतल्या गोट्यासारखा घासून गोल झालेला इथे मिळणार नाही.

१८ मे

दुरुस्ती झाली. घाव चार दिवस उन्हात सुकवला, कारण आत ओल अडकली की पुढे फोड येतात. मग १२० नंबरच्या सँडपेपरनं कडा उतरत्या केल्या, ॲसिटोननं पुसलं, चटईचे दोन थर दिले आणि वर जेलकोट.

उन्हाळ्यात हे काम सकाळी सहाला करायचं. दुपारी रेझिन डब्यातच घट्ट होतं. ते घट्ट करणारं हार्डनर साधारण दोन टक्के टाकतात, मी मे महिन्यात सव्वा-दीडवर ठेवतो. एक टक्क्याच्या खाली मात्र जायचं नाही, नाहीतर आतून कधीच पूर्ण पिकत नाही. आणि हवेला उघडा राहिलेला जेलकोट वरून चिकट राहतो, म्हणून वर पॉलिथिनचा कागद ताणून चिकटवला. दुसऱ्या दिवशी कागद सोलला की ओल्या सँडपेपरनं ४००, ८००, १२०० असं घासत जायचं.

२१ मे

इतवारीत खरेदी. लोहा ओळीतून साखळी, डी-शॅकल (पिनेनं बंद होणारी डी-आकाराची कडी) आणि एक कप्पी घेतली. विहिरीवरची ओतीव लोखंडी कप्पी स्वस्त पडते, पण तिची कडा खरबरीत असते आणि दोर कुरतडते. नायलॉनच्या चाकाची घेतली.

दोराबद्दल दुकानदाराशी बराच वेळ बोललो. निळा-हिरवा प्लास्टिकचा दोर, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, सगळीकडे मिळतो, स्वस्त आहे, पाण्यावर तरंगतो. पण ऊन त्याला खातं. दोन उन्हाळे गेले की हातात भुसा येतो. आणि तो नायलॉनइतका ताणला जात नाही, म्हणून लाटेचा प्रत्येक हिसका सरळ डोंग्याच्या कडीवर जातो. नायलॉन बुडतो, महाग आहे, भिजला की दहा-पंधरा टक्के ताकद गमावतो. पण तो ताणतो आणि हिसका स्वतःत जिरवतो. बांधायच्या दोराला हाच गुण हवा. १२ मिलिमीटरचा नायलॉन घेतला. ताकदीसाठी इतका जाड लागत नाही, बारक्या डोंग्याला ८ चा पुरतो. पण ओला बारीक दोर ओढताना तळहात कापतो, आणि इथे दोर रोज ओढायचाय.

गाठीचं एक लक्षात ठेवायचं. गाठ मारली की त्या जागी दोराची ताकद साधारण तीस ते पन्नास टक्के कमी होते. म्हणून जुना, कुठेतरी कुरतडलेला दोर «अजून चालते» म्हणून गाठीत वापरायचा नाही.

२४ मे

ठोकळे ओतले, तीन. कारच्या जुन्या टायरात काँक्रीट, मधोमध १६ मिलिमीटरच्या सळईचा उलटा यू, पाय आत वाकवून. टायर साचाही होतो आणि पुढे ठोकळ्याची कडही सांभाळतो, कधी डोंगा वर आलाच तर टोकदार सिमेंटावर आपटत नाही.

प्रत्येक ठोकळा साधारण ९० किलोचा. जमिनीवर दोघांना हलवताना घाम फुटतो, म्हणून भरवसा वाटतो. पाण्यात मात्र काँक्रीट आपल्या वजनातलं बरंच गमावतं. घनता पाण्याच्या २.४ पट, म्हणजे बुडाल्यावर ९० चे जेमतेम ५२ किलो उरतात. लोखंड त्या मानानं फक्त आठवा हिस्सा गमावतं. म्हणून पाण्यात बसवायच्या वजनाचा हिशोब कोरड्या काट्यावर करायचा नाही. आपल्याकडे जमेची बाजू एकच, तळाची काळी माती. ठोकळा एका पावसाळ्यात तिच्यात रुतला की माती त्याला धरून ठेवते.

१ जून

ठोकळे बसवले. निवडलेल्या जागी उतार साधारण आठास एक, म्हणजे आठ पावलं चाललं की एक पाऊल खोली. तलाव भरल्यावर पाणी कुठवर येतं ते भिंतीच्या दगडांवरच्या पांढऱ्या रेघेवरून कळतं. त्या रेघेपासून दीड मीटर खाली पहिला ठोकळा, तीन मीटर खाली दुसरा, साडेचार मीटर खाली तिसरा. एकमेकांपासून बारा-बारा मीटर. तिसरा आत्ताच पाण्याच्या कडेला गुडघाभर खोलीत गेला.

एकाच ठोकळ्यावर भागणार नाही, कारण समुद्राला भरती-ओहोटी आहे तशी आपल्याला नाही. तिकडे पाणी दिवसातून दोनदा चढतं-उतरतं आणि परत जागेवर येतं. आपलं पाणी पावसाळ्यात चढतं आणि कालवा सुटला की महिनोन्महिने उतरतच जातं. काठ स्वतःच तीस-पस्तीस मीटर सरकतो. बांधायची सोय त्याच्याबरोबर सरकली पाहिजे.

रचना अशी. ठोकळ्याला दोन मीटर साखळी, साखळीला दोर, दोराच्या टोकाला २० लिटरचा बंद कॅन तरंगता. कॅनच्या खाली कप्पी. काठावर जमिनीत ठोकलेला लोखंडी पाइप. पाइपापासून कप्पीतून जाऊन परत पाइपापर्यंत एकच गोल दोर, कपडे वाळत घालायच्या फिरत्या दोरीसारखा. डोंग्याचा छोटा दोर या गोलाला एका जागी बांधायचा. उतरलं की गोल ओढायचा, डोंगा आपोआप आत खोल पाण्यात जातो. हवा असेल तेव्हा दुसरीकडून ओढायचा, डोंगा हाताशी येतो. पाण्यात पाऊलही टाकावं लागत नाही.

डोंगा बांधायचा तो फक्त तोंडानं. तोंडाशी, पाण्याच्या रेघेच्या थोडं वर कडी बसवली, आतून १२ मिलिमीटर प्लायची पट्टी आणि मोठे वॉशर देऊन, भोकात सीलंट भरून. बसायच्या फळीला किंवा वल्ह्याच्या खुंटीला दोर बांधायची सवय सगळ्यांनाच आहे. ती मोडायची. तिथे ओढ लागली की स्क्रू ढिले होतात आणि फायबर आतून तडकतं.

३ जून

उतरायच्या जागेचं काम. डोंगा काठावर घ्यावाच लागतो, जाळी चढवायला, मासळी उतरवायला. तिथे दगडावर ओढत नेणं बंद व्हायला हवं.

नागपूरच्या आजूबाजूला कोळशाच्या खाणी आहेत, त्यामुळे कन्व्हेअरचा जुना रबरी पट्टा भंगारात मिळतो. दोन बल्ल्यांवर तो पट्टा उताराला लांब पसरवला, पाण्यात दोन हात आत जाईल असा. खिळे-बोल्ट सगळे कडेला, बल्लीच्या बाहेरच्या अंगाला ठोकले. पट्ट्याच्या मधल्या भागात एकही बोल्टचं डोकं असता कामा नये, नाहीतर दगडाऐवजी तेच बूड चिरेल. पट्टा पालथा टाकला, कारण वरच्या अंगाला कोळशाची बारीक कच रुतलेली होती आणि ती सँडपेपरचं काम करते. ओल्या रबरावर डोंगा दोन माणसांत सहज चढतो.

जुने टायर काठाला टांगायची पद्धत इथेही आहे. चालतं, पण झिजलेल्या टायरातून पोलादी तारा बाहेर येतात. टांगायचेच तर आधी हात फिरवून बघा. आम्ही ट्रॅक्टरची ट्यूब अर्धवट फुगवून वापरली.

९ जून

काल संध्याकाळी मान्सूनपूर्व वादळ आलं. धूळ, मग वारा, मग दहा मिनिटं टपोरा पाऊस. तिसऱ्या ठोकळ्यावर डोंगा बांधलेला होता. आज सकाळी जागच्या जागी, कोरड्या बुडाचा, फक्त कॅनला चिखल लागलेला.

वाऱ्याचं गणित मांडून ठेवतो, कारण डोंगा फक्त तोंडानं बांधायचा की दोन्ही टोकांनी, यावर संस्थेत वाद आहे. ताशी ६० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण १७ किलोचा दाब देतो. बारा फुटी डोंगा वाऱ्याला आडवा उभा असला तर पाण्यावरचं अंग पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे ओढ तीस-पस्तीस किलोंची. तोच तोंड वाऱ्याकडे करून उभा असला तर दहा-बारा. तोंडाला बांधलेला डोंगा वाऱ्याबरोबर आपोआप फिरतो आणि कमी अंग दाखवतो. दोन्ही टोकं आवळून बांधलेला फिरू शकत नाही, सगळा वारा कुशीवर घेतो.

फिरायला जागा मात्र द्यावी लागते. डोंगा सुमारे ३.७ मीटर, छोटा दोर दीड, वर गोलाचा झोल. सात मीटरचा घेर मोकळा हवा. म्हणून डोंगा काठापासून किमान आठ मीटर आत.

१० जून

आज काका आले होते. संस्थेतले सगळ्यात जुने, पाणी त्यांना वाचता येतं. आम्ही तरुण पोरांनी गोल दोर कडक ताणून ठेवला होता, दिसायला नीटनेटका. त्यांनी दोरावर हात ठेवला आणि म्हणाले, «भाऊ, ताठ कायले ठेवता? ताठ दोर स्वतःच तुटते. झोल राहू द्या त्याले.»

घरी येऊन आकडे काढले. दोराला मधोमध बारा किलोची आडवी ओढ लागली आणि दोर पाच अंशच वाकला, तर दोरात ताण येतो जवळजवळ ६९ किलोंचा. दहा अंश वाकू दिला तर ३५. वीस अंशांचा झोल असला तर साडेसतरा. जितका ताठ, तितका ठोकळा खेचला जातो. आमच्या ५२ किलोंच्या ठोकळ्याला ताठ दोरानं वादळात जागेवरून उठवलं असतं.

त्यांनी त्यांच्या लाकडी डोंग्याची सोयही दाखवली. चिखलात खोल रोवलेला जाड बांबू, त्यात वेताची कडी, कडीला दोर. पाणी चढलं की कडी वर सरकते, उतरलं की खाली. बांबूच्या अंगावर कडी फिरून फिरून गुळगुळीत झालेला पट्टा होता, गुडघ्यापासून छातीपर्यंत. हात लावला तर पॉलिश केल्यासारखा लागला. त्या पट्ट्याच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून गेल्या हंगामाचं पाणी किती खेळलं ते सरळ वाचता येतं. माझ्या कॅन-कप्पीपेक्षा या सोयीत बिघडायला कमी जागा आहेत. फायबरच्या डोंग्याला मी ती दिली नाही ती एवढ्याचसाठी, की बांबू डोंग्याच्या घेरात येतो आणि अंगाला घासतो. लाकूड ते सोसतं.

६ जुलै

पाऊस लागला. काठाला उभ्या डोंग्याचा दुसरा शत्रू म्हणजे वरून पडणारं पाणी. आपल्या डोंग्याचं तोंड वर उघडं, साडेचार चौरस मीटरचं. ५० मिलिमीटर पाऊस झाला की आत सव्वादोनशे लिटर साचतात, तेवढेच किलो. डोंगा खाली बसतो, कड पाण्याजवळ येते, आणि एका लाटेत भरतो. बुडाला भोक न पडताही डोंगा असाच जातो.

ताडपत्री टाकली. सपाट टाकली की मधे तळं होतं, म्हणून लांबीत एक बांबू कण्यासारखा उंच धरून दोन्हीकडे उतार दिला. ताडपत्रीच्या दोऱ्या बुडाखालून नेऊन बांधल्या, कडीला नाही. त्या दोऱ्यांवर जुन्या पाइपाचे तुकडे चिरून चढवले, नाहीतर वाऱ्यानं दोरी जेलकोटवर करवतीसारखी चालते. तोंडाच्या कडीपाशीही तसाच तुकडा.

२४ ऑगस्ट

कटला-रोहू माशांची बोटुकली, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडली. तलाव पाऊण भरलाय. डोंगा आता दुसऱ्या ठोकळ्यावर.

चढत्या पाण्याची भीती उतरत्यापेक्षा जास्त आहे आणि ती लोक कमी धरतात. आखूड दोरानं खुंट्याला बांधलेला डोंगा, पाणी रात्रीत हातभर चढलं तर तोंडानं खाली ओढला जातो आणि तसाच भरतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी घुसलं. इतकं पाणी इतक्या लवकर येऊ शकतं, हे त्यानंतर कोणी अशक्य म्हणू नये. आमच्या प्रत्येक कॅनचा दोर पूर्ण भरलेल्या तलावाच्या खोलीपेक्षा दीडपट लांब ठेवलाय. काठावरचा पाइपही पांढऱ्या रेघेच्या वर, मोकळ्या जमिनीत दुसरा ठोकून ठेवला.

१२ ऑक्टोबर

तलाव भरला. पहिला ठोकळा वापरात.

पूर्ण तपासणी. कप्पीच्या चाकात शेवाळ आणि जलपर्णीची मुळं अडकतात, दर आठवड्याला काढावी लागतात. साखळीची पहिली कडी, शॅकलशी घासणारी, झिजायला लागलीय, अजून वर्षभर जाईल. शॅकलची पिन तारेनं बांधली होती म्हणून टिकली. न बांधलेली पिन डोंग्याच्या हेलकाव्यानं आपोआप उघडते. नायलॉनच्या दोराला कप्पीपाशी लव आलीय, तेवढा भाग पुढे सरकवला.

डोंगा उलटा केला. उजव्या कुशीवर दुरुस्तीचा पॅच जसाच्या तसा, १२०० च्या कागदाची चमक अजून आहे. नवीन ओरखडे दोन, दोन्ही वल्ह्याच्या खुंटीशी, वल्हं आत टाकताना झालेले. बुडाला एकही नाही.

१६ नोव्हेंबर

रब्बीसाठी कालवा सुटला. पाणी दोन फूट उतरलं आणि काठ पाच मीटर पुढे आला. पहिल्या ठोकळ्याला आता काठापासून सातच मीटर उरले, म्हणून आज गोल दोर दुसऱ्यावर नेला. दोघांचं अर्ध्या तासाचं काम. रबरी पट्टाही तेवढाच खाली सरकवला.

संस्थेनं ठरवलंय की पाणी दोन फूट उतरलं की ठोकळा बदलायचा, आणि त्यासाठी भिंतीच्या दगडावर रंगानं खुणा करायच्या, म्हणजे कोणालाही माप घ्यायला नको. खुणा आज मारल्या. लाकडी डोंग्यांसाठीही दोन रबरी पट्टे हवेत. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय, पुढच्या आठवड्यात येतील.